सुरुवातीतला माणूस

पंखे दुरुस्तीच्या दुकानात उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नसते. तरी दुपारच्या जेवणानंतर शटर खाली म्हणजे खाली. मालक म्हणायचे, "पंखेवालाच उकाड्याने गेला तर लोकांनी वारा कुणाकडे मागायचा?" त्या दुपारी शटर ओढून घुम्या नेहमीसारखा घराकडे वळला नाही. तो कोपऱ्यावरच्या सीडीवाल्याकडे गेला. रस्ता नुसता तापून निघाला होता. कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली शिरून बसली होती.

सीडीवाला टपरीत वर्तमानपत्राने वारा घेत होता. घुम्या समोर उभा राहिला, खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला.

"खोकल्याचं औषध पलीकडच्या दुकानात मिळतं," सीडीवाला म्हणाला.

"सिनेमा हवाय. जुना." घुम्याने मावशीने सांगितलेलं नाव सांगितलं.

"अरे, हा तर आमच्या बापाच्या वेळचा! कोण बघणार?"

"मावशी."

एवढं बोलून घुम्या गप्प झाला, कारण पुढचं सांगायचं तर फार सांगावं लागलं असतं. ते आपण सांगू.

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी त्याची आई गेली तेव्हा मावशीने त्याला उचलून आपल्या घरी आणलं. मावशीच्या मुलीने, म्हणजे ताईने, दोन दिवस त्याच्याशी बोलून पाहिलं आणि मग घरात जाहीर करून टाकलं, "आई, हा घुम्या आहे." नाव चिकटलं. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की त्याच्या घशात गोळा यायचा, मुलं हसायची, मास्तरही हसू दाबायचे. शेवटी त्याने शाळा सोडली ती सोडलीच. तार गुंडाळायला आणि बेअरिंग बदलायला तोंड उघडावं लागत नाही. बोलायचा तो फक्त मावशीशी, आणि तेही तिच्या पलंगाच्या कडेला बसून, हळू आवाजात.

मावशीची उभी हयात थेटराच्या तिकीटखिडकीत गेली. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांसाठी सिनेमा सुरू झाल्यावरही खिडकी बराच वेळ उघडी ठेवावी लागायची. ती बंद करून मावशी मागच्या दाराने आत शिरायची आणि शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी राहायची. त्यामुळे तिने पाहिला नाही असा सिनेमा नव्हता, आणि सुरुवातीपासून पाहिला असा एकही नव्हता. "मी सगळ्यांच्या मरणाला हजर असते," ती म्हणायची, "पण जन्माला कुणाच्याच नाही."

पुढे थेटर पाडलं, आणि पाठोपाठ मावशीची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात उरलासुरला उजेडही गेला. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. ताट पुढे केलं तर दोन घास खायची, तेही समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ताई दवाखान्यात नर्स. तिने असे आजारी पुष्कळ पाहिले होते. स्वयंपाकघरात भांडी लावता लावता ती एकदा घुम्याला म्हणाली, "डोळे गेले म्हणून माणूस मरत नाही रे. पण असं भिंतीकडे तोंड केलं की मरतं."

तेव्हा घुम्याने जन्मात पहिल्यांदा आपणहून काहीतरी सुचवलं. उन्हाळाभर दुपारी मावशीच्या आवडीचे सिनेमे लावायचे. पात्रं बोलतील ते तिला ऐकू येईलच. जे दिसेल ते घुम्या सांगेल.

"तू सांगणार?" ताई हसली. "म्हणजे एक सिनेमा संपेपर्यंत पुढचा उन्हाळा येईल."

पण पलंगावर हालचाल झाली. मावशीने तोंड वळवलं होतं.

"अगदी सुरुवातीपासून?" तिने विचारलं.

*

मावशीच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि त्यावर टीव्ही. घुम्याने खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले. मावशीला अंधार काय आणि उजेड काय, पण ती म्हणाली, "थेटरासारखा अंधार कर. मला कळतो." दार लावलं. छतावरचा पंखा फिरत होता. घुम्या पलंगावर तिच्या उजव्या बाजूला बसला. मावशीने त्याचं मनगट धरलं, लहान मूल जत्रेत धरतं तसं घट्ट.

तो पावसाचा सिनेमा होता. नावं संपली आणि पडद्यावर एक रस्ता आला. रिकामा. वरून पाऊस, कडेला एक दिवा. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता पाऊस.

"काय दिसतंय?"

"रस्ता आहे."

"अजून?"

"दिवा आहे. पाऊस पडतोय."

"पाऊस ऐकू येतोय रे मला. अजून कोण आहे तिथे?"

कुणीच नव्हतं. पण मावशीचा चेहरा टीव्हीकडे असा ताणलेला होता, आणि पडद्यावरचा तो रस्ता संपता संपत नव्हता. घुम्याच्या घशात तो शाळेतला गोळा आला. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"एक माणूस आहे," तो म्हणाला. "लांब कोट घातलाय. ओला झालाय. पाठमोरा उभा आहे."

मावशीने सुस्कारा सोडला. "पाठमोरा! बघ, एवढी वर्षं हा मला ठाऊकच नव्हता."

त्याच्या मनगटावरची तिची बोटं आनंदाने दाबली गेली. पुढचा सगळा सिनेमा तिला पाठ होता. कुठे कोण रडणार, कुठे दार वाजणार हे ती आधीच सांगत होती. त्या संध्याकाळी ती उठून टेबलाशी येऊन जेवली. ताईने घुम्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांच्या घरात शाबासकी अशीच असायची.

दुसरा सिनेमा जहाजाचा. सुरुवातीला डेकवर गर्दी होती, रुमाल हलत होते, भोंगा वाजत होता. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपला कोटवाला?"

घुम्याला हसू आलं. खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं. "आहे की. कठड्याशी उभा आहे. समुद्राकडे तोंड करून."

"म्हणजे आजही पाठमोराच. लाजतोय मेला, तुझ्यासारखा!"

आणि दोघं हसली. त्या खोलीत हसू येऊन कित्येक महिने लोटले होते. मग तो एक खेळच झाला. दोन बहिणींच्या सिनेमात कोटवाला बागेच्या फाटकाबाहेर उभा राहिला, सर्कशीच्या सिनेमात तंबूच्या दोरापाशी. नेहमी सुरुवातीलाच, कारण पुढचं मावशीने पाहिलेलं होतं आणि तिथे घुम्याची डाळ शिजली नसती.

मावशीचे गाल भरले. ताई म्हणाली, "तुला दवाखान्यातच नोकरीला लावते. गोळ्यांचा खर्च वाचेल."

*

पाचवा की सहावा सिनेमा होता, खोट्या साक्षीचा. त्या दिवशी दुकानात पंख्यांच्या तीन मोटारी जळून आल्या होत्या, घुम्या दमला होता, आणि कोटवाल्याचं त्याच्या मनातही नव्हतं. पडद्यावर कोर्ट होतं. न्यायाधीश यायचे होते. घुम्याने आरोपी सांगितला, वकील सांगितला, खिडकीतून पडलेलं ऊन सांगितलं.

"आणि तो शेवटच्या बाकावर," मावशी म्हणाली.

"कोण?"

"अरे, आपला. शेवटच्या बाकावर बसलाय. आज मान जरा वळलीये त्याची."

घुम्याने पडद्याकडे पाहिलं. शेवटचा बाक रिकामा होता. तो हसला, पण मावशी हसत नव्हती. ती सरळ टीव्हीकडेही पाहत नव्हती. तिचा चेहरा टीव्हीच्या थोडा डावीकडे, टेबल आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्याकडे होता.

त्याच्या घशाला कोरड पडली. त्याने हात लांब करून तांब्या घेतला आणि पाणी प्यायला थांबला. तोच मावशीची नखं त्याच्या मनगटात रुतली.

"बोल... बोल लवकर."

"काय झालं?"

"तू थांबलास की तो उठतो."

बाहेर ऊन रणरणत होतं. खोलीत पंख्याचा वारा गरम होता. आणि त्या वाऱ्यात एक वास आला. भिजलेले कपडे तसेच घडी करून पेटीत ठेवावेत आणि महिन्यांनी पेटी उघडावी, तसा. घुम्या बोलू लागला. वकिलाचं नाक, कारकुनाची टोपी, भिंतीवरचं घड्याळ, जे दिसेल ते, न थांबता. वास ओसरला. मावशीची बोटं सैल झाली.

"बसला," ती हळूच म्हणाली.

त्या रात्री घुम्याला नीट झोप लागली नाही. सकाळी मावशीच्या पायाशी बसून त्याने सांगून टाकलं. "मावशी, तो माणूस सिनेमात नव्हता. पहिल्या दिवशी मी आपला... काहीतरी सांगायचं म्हणून सांगितला. मी बनवलाय तो."

मावशीने त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. "असू दे रे," ती म्हणाली. "तू कशाला रडवेला होतोस? तू बनवलास म्हणून काय झालं? आता आहे ना तो."

दुपारी त्याने युक्ती केली. सिनेमा लागल्या लागल्या तो म्हणाला, "मावशी, कोटवाला चालला. दार उघडलं, बाहेर गेला, दार लावलं. संपलं त्याचं काम."

मावशीने त्याच्या मनगटावर थोपटलं, खोटं बोलणाऱ्या पोराला थोपटावं तसं.

"दार नाही उघडलं," ती म्हणाली. "आपल्या दाराची कडी वाजते."

*

मग घुम्याने सिनेमे बंद केले. सीडीवाला बाहेरगावी गेलाय म्हणाला, टीव्ही बिघडलाय म्हणाला. मावशीने वाद घातला नाही. ती आडवी झाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा तसाच निवला.

ताई भडकली. "जगातले पंखे दुरुस्त करतोस आणि घरातला टीव्ही होत नाही तुला?"

"ताई, तिला काहीतरी दिसतंय."

"दिसतंय? मग डोळ्यांच्या डॉक्टरांना पेढे वाटूया!" मग त्याचा चेहरा पाहून ती नरमली. "हे बघ, नजर गेलेल्यांना असं होतं. रिकामा मेंदू चित्रं काढत बसतो. माणसं दिसतात, फुलं दिसतात. घाबरायचं नाही. तिला हो म्हणायचं. तू बोलतोस म्हणून ती जेवते, एवढंच लक्षात ठेव. घुम्या, माझ्याने ते होत नाही रे. मी दिवसभर आजाऱ्यांशी बोलून येते. माझ्यात उरत नाही काही."

घुम्या काय करणार? इकडे आड, तिकडे विहीर. बोलणं थांबवलं तर मावशी भिंतीला लागते. सिनेमा लावून थांबलं तर तो उठतो. उरला एकच मार्ग: सिनेमा लावायचा आणि थांबायचंच नाही.

तो बोलू लागला. पात्रं बोलत असतानाही बोलू लागला. पडद्यावर काही नसलं तर पडद्याच्या चौकटीबद्दल, टेबलाबद्दल, काचेवरच्या धुळीबद्दल बोलायचा. श्वास घ्यायचा तोही चोरून. जन्मभर साठवलेलं बोलणं जणू त्या उन्हाळ्यात बाहेर पडत होतं. दुकानात मालक म्हणाले, "काय रे, हल्ली पंख्यांशी गप्पा मारतोस?" तेव्हा त्याला कळलं की आपले ओठ तिथेही हलत असतात.

आणि मावशी त्याला मधूनमधून सांगायची, हळूच, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी थेटरात कुजबुजावं तसं. आज तो टेबलाशी आहे. आज त्याने तोंड आपल्याकडे केलंय. नाही रे, वाईट नाही दिसत... चेहऱ्यावर काहीच नाहीये अजून. तुझं ऐकतोय. तू बोलतोस ना, तसे ओठ हलवतोय.

"ओठ?" घुम्याचा आवाज चिरकला.

"हं. शिकतोय बहुतेक."

घुम्याचा घसा बसत चालला. ताईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, गोळ्या दिल्या, घशात बॅटरी मारून पाहिली. "सूज नाही, काही नाही. जास्त बोलल्याने बसलाय. तुझ्या बाबतीत हे वाक्य म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं मला." तिने दोन दिवस मौन सांगितलं. पण मावशीचा एकच सिनेमा राहिला होता, दीपगृहाचा. सगळ्यात आवडता. तो तिने उन्हाळ्याच्या शेवटासाठी राखून ठेवला होता. सकाळपासून ती केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसली होती.

"एवढाच रे बाळा," ती म्हणाली. "मग तुझी सुटका."

*

पडदे ओढले. दार लावलं. घुम्या पलंगावर तिच्या उजव्या बाजूला बसला आणि तिने मनगट धरलं.

पडद्यावर समुद्र आला. मग खडकावरचं दीपगृह. मग आतला गोल जिना, आणि तो चढणारे बूट. माणूस दिसत नव्हता, नुसते बूट. ठक. ठक. ठक.

"काय दिसतंय?"

घुम्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्याने गिळलं, पुन्हा जोर केला. घशात गोळाही नव्हता. काहीच नव्हतं. एखादी तार आतून कुणी ओढून घ्यावी आणि नळी पोकळ राहावी, तसं.

"बोल ना रे..."

ठक. ठक.

आणि वीज गेली.

टीव्ही विझला. पंख्याची पाती हळू होत होत थांबली. बाहेर एकही गाडी नव्हती, पाखरू नव्हतं. त्या शांततेत जिन्यावरची पावलं आणखी दोनदा वाजली. ठक. ठक. टीव्हीतून नव्हे. फरशीवर.

तो ओल्या कपड्यांचा वास आता पलंगाच्या अगदी जवळ होता.

घुम्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली: उजेड. त्याने मनगट सोडवून घेतलं, दाराकडे धावला, आणि अंधारात कडी शोधू लागला. रोजची कडी, रोज हाताखालची, सापडेना.

तेव्हा त्याच्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं. थांबलं. पुन्हा खाकरलं.

"दीपगृह आहे, मावशी," आवाज म्हणाला.

तो घुम्याचाच आवाज होता. घसा बसण्याआधीचा. तोच हळू सूर, तीच शब्द संपवताना किंचित खाली जाणारी पट्टी. फक्त अडखळणं नव्हतं.

"जिना गोल आहे. पायऱ्या दगडी, मधोमध झिजलेल्या. एक म्हातारा चढतोय. हातात कंदील आहे, पण त्याने तो पेटवलेला नाही. त्याला वाट पाठ आहे."

"अगं बाई," मावशी पुटपुटली. "असं आहे होय ते..."

आवाज सांगत राहिला. समुद्राचा रंग सांगितला. काचेवरचं मीठ सांगितलं. म्हाताऱ्याने खिडकीतून पाहिलेली होडी, होडीतली मुलगी, तिच्या ओल्या वेण्या. टीव्ही मेलेला होता आणि सिनेमा चालला होता. मावशी मध्येच हसायची, मध्येच "हाय रे देवा" म्हणायची. घुम्या दाराला कपाळ लावून उभा होता. वळून पाहण्याची हिंमत त्याला होत नव्हती.

मग आवाज जरा थांबला.

"आता एक खोली आहे," तो म्हणाला. "पडदे ओढलेले. पलंगावर एक बाई बसलीये. हसतीये. चांगली साडी नेसलीये."

"अजून कोण आहे तिथे?" मावशीने विचारलं.

"दाराशी एक पोरगा आहे."

"पोरगा? तो कोण रे? मला आठवत नाही."

"कुणी नाही, मावशी. नुसता उभा आहे. पाठमोरा." आवाज मायेने बोलत होता. "जाईल तो. पुढे त्याला काही काम नाही."

घुम्याने दोन्ही हात दारावर आपटले आणि कडी हाताला लागली. दार उघडलं. बाहेरच्या खोलीतलं पांढरंफटक ऊन पलंगापर्यंत आलं. तो वळला.

कुणी नव्हतं. मावशी एकटी बसली होती, चेहऱ्यावर अजून सिनेमा रेंगाळत होता. तिचा उजवा हात पलंगावर पुढे आलेला होता, आणि बोटं वळलेली. अंगठा आणि बोटांच्या मध्ये बरोबर एका मनगटाएवढी जागा होती. तिची बोटं ती जागा घट्ट धरून होती, आणि मध्येच आनंदाने दाबत होती.

*

संध्याकाळी मावशीने ताईला तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. "आज काय सांगितलंन म्हणून सांगू! एकदाही अडखळला नाही."

ताईने घुम्याकडे कौतुकाने पाहिलं. तो जोरजोरात मान हलवत होता. त्याने पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं: *मी नव्हतो.*

"मग कोण, शेजारचे आजोबा?" ताई म्हणाली. "बरं बरं, आता मौन पाळ. आज हौस फिटली असेल."

त्याने आणखी लिहिलं. ताईने वाचलं, त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि त्याला झोपायला पाठवलं.

आवाज काही परत आला नाही. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं ठणठणीत आहे म्हणाले. दुकानात फारसा फरक पडला नाही. घरी मात्र घुम्या दुपारी मावशीच्या खोलीचे पडदे उघडायचा आणि मावशी चाचपडत जाऊन ते ओढून घ्यायची. "सिनेमा चालू आहे रे," ती म्हणायची, अनोळखी माणसाला म्हणावं तशी, जरा चिडून. ती पोटभर जेवायची. गुणगुणायची. गोष्ट एवढीच की तिचा चेहरा आता कधी घुम्याकडे वळायचा नाही. तो पायाशी बसला तर ती पाय आखडून घ्यायची. त्याने मनगट पुढे केलं तर तिची बोटं त्याला ओळखायची नाहीत.

एका दुपारी ती आत असताना घुम्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होता. समोर बंद दार. आतून कुजबुज येत होती, मधूनच मावशीचं हसू. त्याने कानांवर हात ठेवले होते. म्हणून ताई आली ते त्याला एकदम ती समोर उभी राहिल्यावरच कळलं. तिची दवाखान्यातली पाळी संपायला अजून वेळ होता. चेहरा उजळलेला होता. कुजबुज थांबली होती.

"लबाडा! आवाज आला आणि सांगितलं नाहीस?" तिने पिशवी टाकली. "फोनवर तुझा आवाज ऐकून मला रडूच आलं. सुट्टी टाकून आले बघ."

घुम्या तिच्याकडे पाहत राहिला.

"आणि तुला काय रे माहीत, आमच्या दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर पाणी सांडलंय ते? 'ताई, जपून उतर,' म्हणालास. गेले तर खरंच सांडलेलं. मोडलाच असता पाय माझा."

घुम्याने मान हलवली. नाही. नाही. त्याचे डोळे भरून आले. ताईचं हसू हळूहळू मावळलं. ती नर्स होती. माणूस केव्हा खोटं दुखणं सांगतो आणि केव्हा खरं, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. ती पुढे आली आणि तिने त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली.

"बोल," ती म्हणाली. "काहीही बोल. आवाज निघत असेल तर इथे थरथर लागते. मला कळेल."

घुम्याने ओठ मिटलेलेच ठेवले. ताईची बोटं त्याच्या गळ्यावर होती, डोळे त्याच्या ओठांवर.

"ताई," मावशीच्या खोलीतून घुम्याचा आवाज आला, मायेने, जरासुद्धा न अडखळता. "आलीस का? मग आत ये. आणि येताना दार नीट लाव. तुझा पहिलाच सिनेमा आहे, अंधार पुरता हवा."

ताईची बोटं गळ्यावरून हलली नाहीत.